निद्रावंचन आणि शारीरिक क्षमता-मापन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
क्रीडा प्रशिक्षणात आहार व सराव यांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या जातात. झोपेची नोंद मात्र क्वचितच आढळते. निद्रावंचनाविषयीचे निष्कर्ष चाचणीच्या स्वरूपानुसार कसे बदलत गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रारंभीचे प्रयोग :
इ. स. १८९६ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात पॅट्रिक व गिल्बर्ट यांनी तीन व्यक्तींना ९० तास जागे ठेवले. मानवी निद्रावंचनाचा हा पहिला प्रायोगिक अभ्यास मानला जातो. पकडीचे बळ, प्रतिक्रियाकाल व स्मरण यांची वेळोवेळी मोजमापे घेण्यात आली. पुरेशा झोपेनंतर या व्यक्ती लवकरच पूर्ववत झाल्याने ही हानी तात्पुरती असल्याचे दिसून आले.

१९६४ मध्ये सॅन डिएगो येथील रँडी गार्डनर हा १७ वर्षांचा विद्यार्थी २६४ तास जागा राहिला. अखेरच्या दिवसांतही त्याने निद्राशास्त्रज्ञ विल्यम डिमेंट यांना पिनबॉलच्या खेळात हरविले. परंतु १०० मधून सातत्याने ७ वजा करताना तो ६५ वर थांबला. आपण काय करीत होतो, याचेच त्याला विस्मरण झाले. केवळ खेळातील यश पाहिले असते, तर ही हानी लक्षातच आली नसती.

क्रीडाविषयक संशोधन :
१९८१ मध्ये मार्टिन यांनी ३६ तासांच्या जागरणानंतर दीर्घ व्यायामाची चाचणी घेतली. थकून थांबण्यापर्यंतचा कालावधी सरासरी ११ टक्क्यांनी घटला आणि तोच व्यायाम अधिक कष्टाचा वाटू लागला. १९९४ मध्ये रायली व पिअर्सी यांनी सलग तीन रात्री केवळ तीन तासांची झोप देऊन भारोत्तोलनाचा अभ्यास केला. त्यात कमाल भार उचलण्यापेक्षा मध्यम भार वारंवार उचलण्यावर अधिक विपरीत परिणाम आढळला. याउलट, २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील ११ बास्केटबॉलपटूंची झोप वाढविल्यावर त्यांच्या धावण्याच्या चाचणीची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ सेकंदांवर आली. स्वतंत्र नियंत्रित गट नसल्याने हा निष्कर्ष मात्र सावधपणे स्वीकारावा लागतो.

निष्कर्ष :
क्षणिक कमाल बळाची चाचणी जागरणाचा परिणाम झाकू शकते. चिकाटीची चाचणी तो उघड करते. १९६८ मध्ये कूपर यांनी मांडलेली १२ मिनिटांची धाव दुसऱ्या प्रकारात मोडते. रात्रभर प्रवास करून मैदानावर आलेल्या उमेदवाराचे गुण त्याची क्षमता दर्शवितात की त्याचे जागरण, हा प्रश्न म्हणूनच केवळ शास्त्रीय न राहता न्यायाचाही ठरतो. चाचणीच्या नोंदपत्रकात वय, उंची व वजन यांच्यासोबत आदल्या रात्रीच्या झोपेचा रकाना असणे आवश्यक आहे.