तारेपासून जाळ्यापर्यंत

दिवाळीच्या दिवसांत तारवाला दारात उभा राहिला म्हणजे पूर्वी घरातल्या बायकांच्या पोटात गोळा येत असे. तार म्हणजे कोणीतरी गेले, नाही तर जाण्याच्या बेतात आहे, अशीच तेव्हाची समजूत. पण तारवाल्याच्या हातातला कागद एखादे वेळी वेलबुट्टीचा, रंगीत निघे, आणि मग सगळ्यांचा जीव भांड्यात पडे. मुंबईच्या किंवा नागपूरच्या नातेवाइकाने दिवाळीच्या शुभेच्छा धाडलेल्या असत. यातली गंमत अशी की, पाठवणाऱ्याने ते वाक्य तारेतून पाठवलेलेच नसे. तारखात्याने शुभेच्छांची ठराविक वाक्ये तयार करून त्यांना क्रमांक देऊन ठेवले होते. १ म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा, ८ म्हणजे नवदांपत्याला दीर्घ व सुखी संसाराच्या शुभेच्छा. तारेवरून जाई तो नुसता आकडा. पलीकडचा तारमास्तर तक्त्यात पाहून पुरे वाक्य कागदावर उतरवी. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, ही गोष्ट फार रंगवून सांगत. ते म्हणत, "अरे, तारेतून दिवाळी जातच नाही. दिवाळी दोन्ही टोकांच्या तक्त्यांत असते. एका टोकाला जुना तक्ता राहिला, तर लग्नघरी ईदच्या शुभेच्छा पोहोचायच्या!"

२०१३ च्या जुलैत आपल्या देशातली तारसेवा बंद झाली. आता शुभेच्छा इंटरनेटवरून येतात, चित्रांसह आणि गाण्यांसह. परंतु दोन्ही टोकांना तक्ता एकच हवा, ही अण्णांची अट काही सुटलेली नाही. मी चित्रकलेचा आणि सुलेखनाचा मास्तर. मॅट्रिकनंतर कलाशिक्षकाची पदविका घेतली, एवढेच माझे शिक्षण. यंत्रशास्त्रातले मला कळते असा माझा दावा नाही. पण या तक्त्याच्या पायी माझ्याच घरातला एक ऐवज जवळजवळ बुडाला, म्हणून त्याचा इतिहास शोधत गेलो. तो वाचकांपुढे मांडतो.

अमेरिकेत २९ ऑक्टोबर १९६९ रोजी दोन संस्थांतल्या संगणकांत पहिला संदेश गेला. पाठवायचा होता 'लॉगिन' हा शब्द. त्याची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले! पुढे अशी जाळी ठिकठिकाणी झाली, पण प्रत्येकाची रीत निराळी. विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघांनी १९७४ मध्ये एक सामाईक रीत सुचवली. संदेशाचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालावा, तुकडे वाट मिळेल तसे जावेत, आणि मुक्कामी पोहोचल्यावर पुन्हा क्रमाने जुळावेत. हीच टीसीपी-आयपी. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतल्या त्या मूळ जाळ्याने जुनी रीत टाकून ही नवी पत्करली. काही मंडळी मागे रेंगाळली, पण जाळ्यात राहायचे तर नवी रीत घेण्यावाचून त्यांना गत्यंतर उरले नाही.

आपल्याकडे हे काम मुंबईत सुरू झाले. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या मदतीने 'अर्नेट' नावाची योजना हाती घेतली. पाच आय.आय.टी., बंगळूरची विज्ञान संस्था आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात सामील होते. जुहूच्या केंद्राचे प्रमुख होते डॉ. श्रीनिवासन रमणी. जुहूहून पवईच्या आय.आय.टी.ला टेलिफोनच्या तारेवरून पत्रे जाऊ लागली ती याच सुमारास. त्या वेळी जगात दोन रीतींचा झगडा चालू होता. एका बाजूला आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची सात मजली, शिस्तबद्ध, सरकारमान्य 'ओएसआय' रीत, आणि दुसऱ्या बाजूला ही अमेरिकन टीसीपी-आयपी. आपल्या मंडळींनी शहाणपणा केला आणि अर्नेटवर दोन्ही रीती चालू ठेवल्या. पण १९९५ च्या सुमारास जवळजवळ सगळी रहदारी टीसीपी-आयपीवरूनच होऊ लागली. समित्यांनी घडवलेले मानक कपाटात राहिले आणि लोकांच्या हाती होते तेच चालले. शिक्षण खात्यातही मी हे पुष्कळदा पाहिले आहे, पण तो विषय इथे नको. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले.

रस्ता झाला. पण त्या रस्त्यावरून मराठी जाणार कशी?

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडाच कळतो. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांचा तक्ता ठरला, त्यात १२८ घरे. मोठ्या लिपीतला ए म्हणजे ६५, बी म्हणजे ६६, याप्रमाणे. रोमन अक्षरे, आकडे, विरामचिन्हे एवढ्यात बसली. आपल्या क-ख-ग ला त्यात एकही घर नव्हते.

आणि आपली लिपी तर सव्वीस अक्षरांत आटोपणारी नव्हे. अण्णा रविवार कारंजाजवळच्या एका छापखान्यात खिळे जुळवीत. लहानपणी मी डबा घेऊन जाई तेव्हा त्यांच्यापुढची ती उतरती लाकडी केस पाहून छाती दडपे. शेकडो खण! क निराळा, अर्धा क निराळा, क्ष निराळा, क्र निराळा. उजवा हात खणांवरून फिरे आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्ये ओळ उभी राही. नजर मात्र पूर्णवेळ हस्तलिखितावर. ऱ्हस्व वेलांटी ही त्यांची जुनी तक्रार. ते म्हणत, "बोलताना आधी क म्हणतोस आणि मग इ. लिहिताना मात्र वेलांटी आधी. खिळा लावणाऱ्याने कोणाचे ऐकायचे, जिभेचे की डोळ्याचे?"

ही तक्रार एकट्या अण्णांची नव्हती. छपाईसाठी खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनी खटपट केली होती. आमच्या नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर यांनी रत्नागिरीच्या मुक्कामात लिपिशुद्धीचा पुकारा केला आणि इ, उ, ए ही स्वतंत्र अक्षरे टाकून 'अ'लाच वेलांटी, उकार, मात्रा लावावी असे सुचवले. 'अि', 'अु', 'अे' अशी छापलेली पुस्तके जुन्या वाचनालयांतून अजून सापडतात. १९५३ साली लखनौला लिपिसुधारणेसाठी परिषद भरली. तिने तर ऱ्हस्व वेलांटी उचलून अक्षराच्या उजवीकडे न्यावी असे ठरवले. लोकांच्या डोळ्यांना ते रुचले नाही आणि पुढे हा निर्णय मागे घ्यावा लागला. या सर्व थोर मंडळींच्या मनात लिपीविषयी प्रेमच होते, यात शंका नाही. पण यंत्राला जमत नाही म्हणून लिपीने वाकावे, ही सर्वांची सुरुवात होती.

ती सुरुवातच ज्यांनी उलटी केली त्यांची नावे शाळेच्या पुस्तकांत आढळत नाहीत, याचे मला वाईट वाटते. कानपूरच्या आय.आय.टी.त भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम चालले होते. त्यातले मोहन तांबे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. सी-डॅक ही संस्था १९८८ सालची. महासंगणक 'परम' मुळे तिचे नाव झाले, पण माझ्यासारख्याला परमपेक्षा तिथल्या 'जिस्ट' या लिपीच्या कामाचे मोल अधिक वाटते. या मंडळींनी काय केले? त्यांनी खिळे मोजलेच नाहीत, वर्ण मोजले. घर फक्त क ला, ष ला आणि हलंताला. क, हलंत, ष असे तीन आकडे ओळीने आले की त्यांचा 'क्ष' रेखाटणे हे यंत्राचे काम. अण्णांच्या शेकडो खणांची जागा अशा रीतीने शंभराच्या आतल्या आकड्यांनी घेतली. आणि वेलांटी? ती यंत्राच्या पोटात बोलण्याच्या क्रमाने, म्हणजे अक्षरानंतरच साठवली जाते. पडद्यावर दाखवताना मात्र ती अक्षराच्या आधी जाऊन उभी राहते. लखनौच्या परिषदेला जे कागदावर करावयाचे होते, ते यंत्राने आपल्या पोटात करून टाकले आणि वाचणाऱ्याला पत्ताही लागू दिला नाही.

शिवाय आपल्या बहुतेक लिप्या ब्राह्मीच्याच लेकी असल्यामुळे मराठीचा क, गुजरातीचा क आणि बंगालीचा क यांना या तक्त्यात एकच आकडा होता. लिपी बदलली की मजकूर तोच, पोशाख निराळा. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली १३१९४ या क्रमांकाखाली हा तक्ता प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'इस्की'.

एवढे सगळे हाताशी असताना बाजाराने काय केले? नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली डी.टी.पी.ची दुकाने निघाली आणि प्रत्येक फॉन्टवाल्याने आपला निराळा तक्ता केला. रोमन अक्षरांच्याच घरांत त्यांनी मराठी खिळे भरले. म्हणजे आत ठेवायचा रोमन 'के' आणि वर चित्र काढायचे क चे. तो फॉन्ट ज्याच्यापाशी असेल त्याला मराठी दिसे, इतरांना नुसती रोमन अक्षरांची भेळ. वर्तमानपत्र इंटरनेटवर वाचायचे तर आधी त्या पत्राचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, आणि दुसऱ्या पत्रासाठी दुसरा.

आमचा ऐवज बुडाला तो इथे. २००२ साली अण्णांनी आपल्या छापखान्यातल्या आठवणी मला सांगितल्या. त्यांची बोटे तेव्हा थरथरत, म्हणून मी लिहून घेतल्या. शहरातल्या एका दुकानात त्या टंकित केल्या, एका सीडीवर घेतल्या, आणि 'छापू कधीतरी' म्हणून ती सीडी कपाटात ठेवली. अण्णा २००६ मध्ये गेले. हस्तलिखित घर बदलताना गहाळ झाले. २०१९ च्या दिवाळीत सीडी लावली. पडद्यावर चौपन्न पाने उमटली आणि त्यांत एक मराठी अक्षर नव्हते. दुकान बंद झालेले, मालक परगावी गेलेला, फॉन्ट कोणता हे कोणाला ठाऊक नाही. जन्मभर दुसऱ्यांची अक्षरे जुळवणाऱ्या माणसाचे स्वतःचे शब्द असे विस्कटून पडलेले पाहून मी पुष्कळ वेळ तसाच बसून राहिलो.

जगाने या गोंधळावर काढलेला उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक वर्णाला एकच कायमचा आकडा. त्याची पहिली आवृत्ती १९९१ सालचीच, आणि त्यातली देवनागरीची घरे इस्कीच्याच क्रमाने लावलेली आहेत. अ चा आकडा २३०९, क चा २३२५, आपल्या ळ चा २३५५. हे आकडे इंटरनेटवरून कसे न्यावेत याची युक्ती केन थॉम्प्सन याने १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदावर मांडली असे सांगतात. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला तो याच तक्त्याच्या आधारावर. तक्त्यात उणिवा होत्याच. 'ॲ' हे आपले अक्षर हिंदीला लागत नाही, म्हणून त्याला स्वतंत्र घर नव्हते. ते २००८ साली मिळाले.

पण माझे मन अडकले ते ऱ्या मध्ये. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे सह्याद्रीतल्या खोल जागा. आचार्यांना दक्षिणा द्यावयाची असते आणि आचाऱ्यांना मजुरी. एक रफार आणि एक आडवी झुलती रेघ, एवढ्यावर हा भेद उभा आहे. ही रेघ मराठीला लागते. तिच्यासाठी २३५३ आकड्याचा नुक्ताधारी ऱ आहे. त्याला हलंत जोडला की रेघ उमटते. पण आणखीही एक वाट आहे. साधा र, हलंत, आणि मग डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण. दोन्ही वाटांनी आलेला 'दुसऱ्या' हा शब्द पडद्यावर हुबेहूब सारखा दिसतो, यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द. एका पद्धतीने लिहिलेला शोधावा तर दुसऱ्या पद्धतीचा सापडेलच असे नाही. आणि प्रवासात कोणी ती अदृश्य खूण निरुपयोगी समजून गाळली, तर 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' होते. इंटरनेटवर हे 'दुसर्या', 'तुमच्याबरोबर येणार्या' जागोजाग दिसते. मुले ते वाचतात आणि वहीत तसेच लिहितात. लाल शाई कोणाविरुद्ध वापरावी?

बाकीचे थोडक्यात सांगतो. मोबाइलवरच्या साध्या संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, मराठीची ७०. दिवाळीच्या शुभेच्छांत काटकसर करण्याची पाळी पुन्हा आपल्यावरच! २७ ऑगस्ट २०१४ पासून संकेतस्थळाचे नाव '.भारत' असे देवनागरीत घेता येते, परंतु पोटात ते अजूनही 'एक्स-एन'ने सुरू होणाऱ्या रोमन गाठोड्यात बांधूनच पाठवले जाते, कारण नावांचा जुना कारभार सव्वीस अक्षरांवरच उभा आहे. यंत्रांच्या पत्त्यांचे आकडेही अपुरे पडले. जुन्या रीतीत सुमारे ४२९ कोटी पत्ते होते. आशियाच्या वाट्याचा साठा २०११ च्या एप्रिलात तळाला गेला, आणि आता नव्या, कितीतरी लांब पत्त्यांची रीत हळूहळू जुनीची जागा घेते आहे. तिथे मात्र आपला देश मागे नाही.

अण्णांच्या सीडीचे सांगायचे राहिले. माझी पुतणी संगणकाचे शिकते. जुन्या फॉन्टांचे तक्ते जमवून ती एकेक लावून पाहू लागली. आठव्या की नवव्या तक्त्याला पहिल्या पानावर 'खिळा' हा शब्द उमटला. ती ओरडली, "काका, अण्णा आले!" चौपन्न पाने जवळजवळ शाबूत निघाली. मात्र त्या फॉन्टात ती झुलती रेघ नव्हतीच, दुकानदाराने सर्वत्र रफारावर भागवले होते. त्यामुळे अण्णांच्या आठवणींत लग्नपत्रिकांची घाई असताना रात्री जेवू घालणारे 'आचार्यांचे' वर्णन आहे, आणि त्र्यंबकच्या वाटेवरचे 'दर्यांचे'. यंत्राला हे एकदम बदलता येत नाही, कारण 'सूर्या'चा रफार तसाच राहावयाचा असतो. म्हणून रोज रात्री जेवणानंतर आम्ही दोघे बसतो. ती मोठ्याने वाचते, मी थांबवतो, ती ऱ घालते. तेहेतीस पाने झाली आहेत.