घरातून रुग्णालयात आणि पुन्हा घरात: फिजिओथेरपीचा प्रवास

१/ पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयातून घरी परतला की उपचार संपले, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः पुन्हा चालायला शिकण्याचे काम तेथूनच पुढे दीर्घकाळ चालते. रत्नागिरीच्या वाड्यावस्त्यांत घरी जाऊन हे काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या मागे मोठा इतिहास आहे.

२/ एलिझाबेथ केनी ही ऑस्ट्रेलियातील परिचारिका. तिच्याजवळ परिचर्येची औपचारिक पदविका नव्हती. तिच्या आत्मकथनानुसार १९११ मध्ये एका शेतवस्तीवरील घरात तिने पोलिओ झालेल्या बालिकेवर उपचार केले. साधने दोनच: गरम पाण्यात भिजवून पिळलेले लोकरीचे कापड आणि वेदना ओसरल्यावर हलका व्यायाम.

३/ तत्कालीन रूढ पद्धत नेमकी उलट होती. बाधित अवयव प्लास्टरमध्ये महिनोन्महिने जखडून ठेवत. केनीला वैद्यकविश्वातून तीव्र विरोध झाला. १९४० मध्ये ती अमेरिकेस गेली आणि मिनिआपोलिस येथे तिच्या पद्धतीला मान्यता मिळाली. रोगाविषयीचे तिचे सारे सिद्धान्त टिकले नाहीत, परंतु स्नायूंना पुन्हा शिकवण्याचा विचार टिकला.

४/ मुंबईत फातेमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. उपचारांच्या शोधात त्या मद्रासला डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे गेल्या. पुढे १९४७ मध्ये इतरांच्या मुलांसाठी त्यांनी मुंबईत उपचारकेंद्र उभे केले. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

५/ १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. शेतघरात वाढलेली विद्या आता महानगरात स्थिरावली.

६/ रत्नागिरीकरांसाठी मात्र ते महानगर म्हणजे बोटीचा किंवा एसटीचा लांबचा प्रवास. संपूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली ती १९९८ मध्ये. रोज करावयाच्या व्यायामासाठी एवढे अंतर कापणे अशक्यच होते.

७/ १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवा लोकांच्या दारी नेण्याचा आग्रह धरला. त्यातूनच समुदायाधारित पुनर्वसनाची कल्पना बळावली: तज्ज्ञाने घरच्यांना शिकवावे आणि घरच्यांनी रोज करून घ्यावे.

८/ कोकणातील घरात या कल्पनेचा अर्थ स्पष्ट होतो. जोत्याच्या पायऱ्या, पाखाडीचा उतार, मागीलदारची न्हाणी हीच रुग्णाची खरी परीक्षा. दवाखान्याच्या सपाट फरशीवर चालता येणे येथे पुरेसे नसते. म्हणून ओटीवरची खुर्ची आणि घराची पायरी हीच व्यायामाची साधने होतात.

९/ परंतु ‘घरचे’ कोठे आहेत? २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८२ हजारांनी घटून १६,१५,०६९ झाली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,१२२. कर्ते पुरुष चाकरमानी होऊन मुंबईत, वृद्ध मात्र गावात, हे चित्र या आकड्यांमागे आहे.

१०/ २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. आता रुग्णशय्येवर बालकाऐवजी आजी आहे; आजार पक्षाघाताचा किंवा खुब्याच्या अस्थिभंगाचा. फातेमाबाईंच्या मुलीजवळ आई होती. रत्नागिरीतील अनेक आजींजवळ, फिजिओथेरपिस्ट येत नाही त्या दिवशी, आधाराचा हात देणारे कोणी नसते. या विद्येपुढील आजचा सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे.