डोमकळी

यवतमाळकडच्या आमच्या शेतात आजी कपाशीची न उमललेली, पाकळ्या चिकटलेली फुलं उघडून पाहायची. आत गुलाबी बोंडअळी. या फुलाला डोमकळी म्हणतात. २००२मध्ये बीटी बियाणं आलं आणि फुलं बघणं आम्ही सोडलंच. अळी मरतेच, मग बघायचं कशाला? २०१०मध्ये गुजरातेतून बातमी आली, पहिल्या बीटीला ही अळी दाद देत नाही. तरी आम्ही फरदड ठेवतच राहिलो, म्हणजे अळीची उन्हाळ्यापर्यंत सोय. २०१७ला बोंडं किडकी निघाली.

आता शेतात कामगंध सापळे आहेत. मादीच्या वासाला भुलून नर पतंग अडकतात. सलग ३ रात्री सापळ्यामागे ८ पतंग आले, तरच फवारणी. मोजणी माझ्याकडे. ती झाली तरी आजी वीस फुलं उघडायला लावते.