दोन मोटारगाड्यांची कुळकथा

मोटार घ्यावयाची असें एकदां घरांत ठरलें, म्हणजे पुढचा वाद कोणत्या वळणानें जातो हें बहुतेक वाचकांच्या परिचयाचें आहे. एक पक्ष म्हणतो, गाडी ठेंगणी, डौलदार व वेगवान् असावी. आयुष्यांत एकदां तरी देखणी वस्तु दाराशीं उभी राहावी. दुसरा पक्ष म्हणतो, आजीचे गुडघे, मुलांचें सामान आणि कोंकणांतला घाट यांचा विचार करा. उंच, दणकट, सात माणसें मावतील अशी गाडी घ्या. पहिल्या पक्षास घरांत चैनी म्हणतात व दुसऱ्यास व्यवहारी. हा वाद स्वभावांचा आहे अशी दोन्ही पक्षांची प्रामाणिक समजूत असते. आमच्या मतें त्यांत स्वभावाचा अंश थोडा असून पत्रा, कर आणि कायदा यांचा अंश फार मोठा आहे. आणि हें ध्यानांत न आल्यामुळें चैन नको म्हणून निघालेला गृहस्थ पुष्कळदां दुसऱ्या प्रकारची चैन, तीहि अधिक महाग, विकत घेऊन घरीं परततो.

हा प्रश्न मोटारीबरोबरच जन्मास आला असें मात्र नव्हे. घोड्यांच्या काळींहि तो होताच. भीमेच्या खोऱ्यांतलीं भीमथडीचीं तट्टें ठेंगणीं, काटक, मिळेल तो चारा खाऊन मजल मारणारीं. समुद्रमार्गें येणारा अरबी घोडा त्यांहून उंच, देखणा व महागडा. गंमत इतकीच कीं त्या वेळीं काटक जनावर ठेंगणें आणि डौलदार जनावर उंच असे. मोटारींत हें नातें नेमकें उलटें झालें आहे. परंतु स्वतःच्या पैशानें घोडा बाळगणारा शिलेदार, जनावर आपणांस कशासाठीं हवें आहे हें पुरतें जाणून असे. मोटार घेणाऱ्यास तें तितकेंसें ठाऊक नसतें, आणि कां नसतें हें समजण्यास दोन गाड्यांची कुळकथा पाहणें उपयोगी पडेल. या दोन्ही गाड्या इंग्लंडांत, एकाच सालीं, एकाच टंचाईच्या पोटीं जन्मल्या.

तें साल १९४८. महायुद्ध जिंकूनहि इंग्लंड कर्जांत बुडालें होतें. पोलादाचें वांटप सरकार करी, आणि जो कारखाना परदेशीं माल विकून डॉलर आणील त्याच्या पदरांत तें आधीं पडे. सोलिहल येथील रोव्हर कंपनी युद्धापूर्वीं डॉक्टर-वकिलांना शोभतील अशा सभ्य, सावकाश मोटारी करीत असे. तसल्या मोटारींना पुरेसें पोलाद मिळेना, आणि युद्धासाठीं बांधलेला अवाढव्य कारखाना तर पुढ्यांत उभा. कंपनीचे मुख्य इंजिनियर मॉरिस विल्क्स यांची अँगल्सी बेटावर शेतवाडी होती, व तेथें ते लष्करांतून निघालेली एक अमेरिकन जीप राबवीत असत. ही मोडली म्हणजे काय घ्यावें, या प्रश्नाला दुसरी जीप याखेरीज उत्तर नव्हतें. त्यांतूनच १९४७ सालीं जीपच्याच सांगाड्यावर पहिला नमुना उभा राहिला. त्याचें सुकाणूचक्र ट्रॅक्टरप्रमाणें मधोमध होतें! पोलाद दुर्मिळ, पण विमानांसाठीं केलेलें ॲल्युमिनियम मुबलक. म्हणून अंगावरचा पत्रा ॲल्युमिनियमचा. ठोकून वांकविण्याचीं मोठीं यंत्रें घेण्यास पैसा नव्हता, म्हणून पत्रे सपाट. ज्या चौकोनी राकट रूपावर आज लोक लुब्ध होतात, तें असें दारिद्र्यांतून आलेलें आहे.

ही ‘लँड रोव्हर’ ३० एप्रिल १९४८ रोजीं ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. इंजिन १,५९५ घनसेंटिमीटरचें, शक्ति सुमारें पन्नास घोड्यांची, पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर अवघें ८० इंच, आणि किंमत ४५० पौंड. इंजिनाची शक्ति बाहेर काढून मळणीयंत्र किंवा करवत चालविण्याची सोय तींत होती. तिला मोटार म्हणण्यापेक्षां शेतीचें चाकांवरचें अवजार म्हणणेंच बरोबर. चार दिवस बरे येईपर्यंत कारखाना चालता ठेवण्याची ही तात्पुरती युक्ति आहे, असें चालकांना वाटत होतें.

तेथून कांहीं मैलांवरच्या कॉव्हेंट्री शहरांत विल्यम लायन्स नांवाचा, कारखानदार कमी आणि शिंपी अधिक अशा नजरेचा मनुष्य होता. शिंपी म्हणण्यांत आम्ही त्याचा गौरवच करीत आहोंत. मोटारीच्या अंगावर पत्रा कसा बेतावा हें त्याच्याइतकें फार थोड्यांना कळलें. १९२२ सालीं ब्लॅकपूल येथें मोटारसायकलींच्या शेजारगाड्या करण्यापासून त्यानें आरंभ केला होता. त्याच्या गाड्यांचें ‘एस. एस.’ हें नांव हिटलरच्या काळ्या पलटणीमुळें तोंडांत धरवेनासें झालें, तेव्हां १९४५ सालीं कंपनीनें ‘जग्वार’ हें नांव घेतलें. युद्धकाळांत कारखान्यावर बाँब पडून आग लागेल म्हणून रात्रीं पहारा असे. त्या पहाऱ्याच्या रात्रीं लायन्स व त्याचे इंजिनियर नव्या इंजिनाचे बेत करीत बसत. तें इंजिन १९४८ सालीं तयार झालें, परंतु ज्या मोठ्या मोटारींत तें बसवावयाचें ती तयार नव्हती. मग लंडनच्या ऑक्टोबरांतील प्रदर्शनासाठीं घाईनें दोन माणसांची एक गाडी बेतण्यांत आली. लांकडी चौकटीवर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि सुमारें दोनशें गाड्या करून थांबावयाचें, असा विचार. हीच ‘एक्सके १२०’. १२० हा तासाला मैलांचा आंकडा. पुढच्याच वर्षीं बेल्जममधील जाबेके येथील सरळ रस्त्यावर हिनें १३२ मैलांचा वेग दाखविला. मागणीचा असा लोंढा आला कीं १९५० पासून पोलादी पत्र्याच्या अंगानें ती भराभर करावी लागली.

दोन्ही गाड्या ॲल्युमिनियमच्या, दोन्ही तात्पुरत्या, दोन्ही परदेशीं विकण्यासाठीं. एकीस पन्नास घोड्यांची शक्ति, दुसरीस एकशेंसाठ. परंतु आमच्या दृष्टीनें त्यांच्या किंमतींची गोष्ट याहून बोलकी आहे. जग्वारची करापूर्वींची किंमत होती ९९८ पौंड. हजाराला दोन कमी कां? तर हजारावरच्या मोटारीस इंग्लंडांत त्या काळीं दुप्पट दरानें खरेदीकर लागे. उलट लँड रोव्हर कामाची गाडी म्हणून त्या करांतून मोकळी. त्याच १९४८ सालीं रोव्हर कंपनीनें लँड रोव्हरवर टिकफर्ड येथील कारागिरांकडून बंद घुमटी बसवून, आंत चामड्याच्या बैठका घालून, सात माणसांची कौटुंबिक गाडी विकावयास काढली. दणकट कौटुंबिक मोटारीची ही आद्य आजी. पण बैठका आल्या, खिडक्या आल्या, म्हणून सरकारनें तिला मोटार ठरविलें व कर लावला; किंमत चढली, आणि सातशेंहि गाड्या न होतां १९५१ सालीं ती बंद पडली. लोकांची आवड तेव्हां निराळी होती असें कोणी म्हणेल. आम्हांस वाटतें, आवड तीच होती. जकातनाका तेवढा आडवा होता.

पुढें १९६८ सालीं ब्रिटिश लेलँड या प्रचंड संस्थेंत दोन्ही घराणीं एका छपराखालीं आलीं. १९७० सालीं रोव्हरच्या लोकांनीं ‘रेंज रोव्हर’ काढली. शेतांत चालावी आणि शहरांतहि अंग ठेंचून निघूं नये, हा तिचा हेतु. आठ सिलिंडरांचें इंजिन, चारहि चाकांस मऊ स्प्रिंगा, दरवाजे मात्र दोनच. आणि बैठका व जमीन अशा द्रव्याच्या कीं चिखल झाल्यास पाण्याच्या नळीनें आंतून धुऊन काढाव्या. स्पेन किंग हे तिचे प्रमुख कर्ते, विल्क्स बंधूंचे भाचे. पुढें याच गाडीला चामडें, लांकडी नक्षी व गालिचे चढले, आणि लंडनांतील श्रीमंत बायामुलांना शाळेंत पोंचविण्यास ती दारोदार उभी राहूं लागली. किंग यांनीं उतारवयांत याविषयीं अगदीं उघड नापसंति बोलून दाखविली. शहरांत असल्या गाड्या फिरविणें हा शुद्ध मूर्खपणा आहे असें त्यांचें मत होतें. कर्त्यानेंच कृतीस असें झिडकारल्याचीं उदाहरणें यंत्रांच्या इतिहासांत फारशीं आढळणार नाहींत.

हा बदल इंग्लंडांत रुजला, पण त्याला पूर आला तो अमेरिकेंत, आणि तोहि एका कायद्यानें. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल अडविलें, तेव्हां तेल वांचविण्यासाठीं अमेरिकेनें १९७५ सालीं नियम केला. कारखान्याच्या मोटारींनीं १९८५ पर्यंत गॅलनला सरासरी साडेसत्तावीस मैल गेलें पाहिजे, असें त्यानें ठरलें. माल वाहणाऱ्या हलक्या गाड्यांना मात्र सवलत, कारण त्या शेतकऱ्याच्या व सुताराच्या. कारखानदारांनीं ही फट हेरली. कौटुंबिक मोटारीला मालगाडीचा सांगाडा व उंची दिली कीं ती सवलतींत बसे. १९८४ ची जीप चेरोकी व १९९० ची फोर्ड एक्सप्लोरर यांनीं जुन्या लांबट कौटुंबिक मोटारीला हुसकून लावलें. तेल वांचविण्यासाठीं केलेल्या कायद्यानें अधिक तेल पिणारी जात वाढली! मग वेगाचीं कुलीन घराणींहि वांकलीं. २००२ सालीं पोर्शेनें उंच गाडी काढली, आणि २०२२ सालीं फेरारीनेंहि.

उंचीची किंमत काय, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. गाडी जमिनीपासून जितकी उंच तितका तिचा गुरुत्वमध्य वर. वळणावर ती अधिक कलते, वजन अधिक म्हणून थांबावयास अंतर अधिक, आणि समोरचें रुंद कपाळ हवेशीं झुंजत असल्यामुळें इंधन अधिक. खाचखळग्यांत व पुराच्या पाण्यांत उंचीचा उपयोग खराच. आमच्या रस्त्यांवर तो नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु आंतल्या कुटुंबास जी उंची निर्धास्त वाटते, तीच बाहेर चालणाऱ्याच्या मुळावर येते. ठेंगणी मोटार माणसाच्या पायांवर आदळते, उंच नाकाची छातीवर किंवा डोक्यावर. अमेरिकेंतील विमा कंपन्यांच्या सुरक्षासंस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, चाळीस इंचांहून उंच नाकाच्या गाडीची धडक, तीस इंचांच्या आंतल्या उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षां सुमारें पंचेचाळीस टक्के अधिक प्राणघातक ठरण्याचा संभव आहे असें आढळलें. मोटार निवडतांना घरांत सर्वांचें मत घेतात. रस्त्यावरच्या पोराचें कोण घेणार?

आपल्याकडे ही कथा जीपपासून सुरू होते. मुंबईच्या महिंद्र कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास विलिस जीपचे भाग आणून त्या येथें जोडावयास आरंभ केला, आणि तालुक्याच्या गांवीं जीप म्हणजे सरकार असें समीकरण कित्येक वर्षें राहिलें. १९९४ सालीं टाटांनीं पुण्याहून ‘सुमो’ काढली. नांव ऐकून जपानी मल्ल आठवतो खरा, पण तें कारखान्याचे थोर शिल्पकार सुमंत मुळगांवकर यांच्या नांवाचीं आद्याक्षरें जोडून केलेलें आहे. सुमो खरोखरीच कामाची गाडी होती: लग्नाचें वऱ्हाड, पंढरीचे यात्रेकरू, आजाऱ्याची खाट, सारें तिनें वाहिलें. देखणी ती कधींच नव्हती व तसा तिचा दावाहि नव्हता.

नंतर आपल्याकडेहि कराची पट्टी आली. २००६ सालच्या अंदाजपत्रकांत चार मीटरांच्या आंतील लहान इंजिनाच्या मोटारींवरील कर कमी झाला, आणि पाहतां पाहतां मोटारींच्या शेपट्या कापल्या गेल्या. उंच गाड्याहि चार मीटरांत बसूं लागल्या. दुसऱ्या बाजूस दीड हजार घनसेंटिमीटरांवरचें इंजिन, चार मीटरांहून अधिक लांबी व जमिनीपासून १७० मिलिमीटर उंची अशी मोठ्या गाडीची व्याख्या झाली. ही उंची गाडी भरलेली असतां मोजावयाची कीं रिकामी, यावरहि खल झाला, व २०२३ सालीं रिकामी असें स्पष्ट करावें लागलें. सप्टेंबर २०२५ पासून लहानांवर अठरा व मोठ्यांवर चाळीस टक्के कर आहे. म्हणून आज जी ‘दणकट’ गाडी मध्यम वर्गाच्या दाराशीं येते ती बहुधा ठेंगण्या मोटारीच्याच सांगाड्यावर चढविलेली, पुढचींच दोन चाकें ओढणारी अशी असते. दणकटपणा तिच्या पत्र्याच्या घडणींत असतो. ती वाईट असते असें नव्हे. वर्षांतून किती दिवस पांचांहून अधिक माणसें बसणार, किती मैल कच्चा रस्ता तुडविणार, हें कागदावर मांडून जो घेईल त्याला ती योग्यहि ठरेल. मात्र हा हिशेब मांडलेला आम्ही क्वचितच पाहिला आहे.

मूळच्या दोन घराण्यांची हकीकत पुरी करूं. मध्यंतरीं त्यांची ताटातूट होऊन अमेरिकेच्या फोर्ड कंपनीकडे दोन्ही पुन्हां एकत्र आलीं, आणि २००८ सालीं टाटांनीं तीं २३० कोटि डॉलरांस विकत घेतलीं; फोर्डनें दोन्हींसाठीं मोजलेल्या रकमेच्या निम्म्याहूनहि कमी. मुंबईच्या कंपनीनें कॉव्हेंट्रीचें घराणें घ्यावें याचा आपणां सर्वांस अभिमान वाटला. पण पुढें घर चालविलें तें लँड रोव्हरनें. जग्वारनेंहि २०१६ सालीं उंच गाडी विकावयास काढली, व तीच तिच्या भावंडांत सर्वांत अधिक खपूं लागली. ‘एक्सके १२०’ च्या वंशांतली दोन माणसांची ‘एफ-टाइप’ २०२४ सालीं बंद झाली. त्याच वर्षीं रेंज रोव्हर पुण्यास जोडली जाणार असें जाहीर झालें. तिच्या बैठका आतां उत्तम चामड्याच्या असतात. पाण्याच्या नळीनें ती आंतून धुण्याचें कोणाच्या मनांतहि येणार नाहीं.