खानदेशातील घर आणि भिंतीतली वीज

मराठीत आभाळात कडाडणाऱ्या विजेला आणि दिव्यात उजळणाऱ्या विजेला एकच शब्द आहे. पहिलीच्या कडकडाटाने आजही आपण दाराआड होतो; दुसरी मात्र घरातच राहायला आल्यामुळे तिची भीती मोडली. साहित्याच्या अभ्यासकांनी घराविषयी पुष्कळ लिहिले आहे. ओसरी, माजघर, उंबरठा ही घराची अंगे कथा-कादंबऱ्यांच्या विवेचनात वारंवार येतात. त्याच घराच्या भिंतींवरून गेलेल्या तारेच्या इतिहासाकडे मात्र आमचेही लक्ष कधी गेले नव्हते. आम्ही मराठीचे अध्यापक. या विषयात आमचा अधिकार नाही. तथापि आमच्यापैकी एकाच्या धुळ्यातील वडिलोपार्जित घराची दुरुस्ती निघाली आणि जुने फिटिंग उतरवताना जे दिसले, ते एखाद्या पोथीतील पाठभेदांपेक्षा कमी गुंतागुंतीचे नव्हते. एका पिढीच्या तारेवर दुसऱ्या पिढीने जोड दिला होता आणि त्या जोडावर तिसरीने. मूळ संहिता कोणती आणि प्रक्षेप कोणता, हे ठरवण्यातच आमचा आठवडा गेला.

धुळ्याच्या बाबतीत यात एक विरोधाभासही आहे. पेशवाई संपल्यावर खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्जकडे आला आणि १८१९ मध्ये त्याने धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण केले. नव्या वस्तीचे रस्ते सरळ आखले गेले. त्या वस्तीतील गल्ल्या आजही क्रमांकानेच ओळखल्या जातात. म्हणजे हे गाव आधी कागदावर उतरले आणि मग जमिनीवर. त्या गल्ल्यांतील घरेही आपल्या परीने आखीव होती. जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब, खणांच्या मापाने मोजलेल्या खोल्या आणि वर मातीचे धाबे. दिव्याची जागासुद्धा ठरलेली असे. भिंतीत कोनाडा ठेवलेला असायचा; त्याच्या वरच्या कडेवर काजळी धरायची, पण ज्योत लाकडापासून दूर राहायची. आग कुठे ठेवावी आणि कुठे ठेवू नये, याचा निर्णय घर बांधतानाच झालेला असे. बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० चा, एडिसनच्या दिव्याच्या प्रसिद्ध प्रयोगानंतर वर्षभराने. त्या १९५१ मध्ये गेल्या. तेलाच्या दिव्यापासून विजेच्या दिव्यापर्यंतचा जगाचा प्रवास एवढ्या एका आयुष्यात मावतो. या संक्रमणात कोनाड्यामागे असलेला विचार मात्र आपण मागे ठेवला की काय, अशी शंका आम्हांला आता येते.

आमच्या सहकाऱ्याच्या घरातील सर्वांत जुना थर सागवानी पट्टीचा होता. पट्टीवर क्लिपांनी बसवलेली तार, तिच्यावर रबराचे वेष्टण आणि वर सुती विणकाम. प्रत्येक खणाला एक दिवा, ओसरीला एक, आणि दाराशी लाकडी पाटीवर मेन स्विच व चिनी मातीचा किटकॅट फ्यूज. प्लग कुठेही नाही. हे फिटिंग कंजूषपणाचे वाटेल, पण ते पूर्ण विचाराने केलेले होते. पाच दिव्यांसाठी जेवढी तार लागते तेवढी तार आणि ती जेवढा प्रवाह सोसेल तेवढाच फ्यूज. जुने वायरमन आजही ‘तीन-वीस’, ‘सात-वीस’ अशी मापे बोलतात. पहिला आकडा तारेतील पदरांचा, दुसरा त्यांच्या गेजचा. पुढे मेट्रिक मापे आली आणि बोलण्यात ‘दीड’, ‘अडीच’, ‘चार’ असे चौरस मिलिमीटर आले. परिभाषा बदलली, तरी तत्त्व जुनेच राहिले. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, हे जूलने १८४० च्या दशकाच्या आरंभीच दाखवून दिले होते.

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक केंद्र १९६८ मध्ये सुरू झाले. वीज जसजशी सुलभ झाली, तसतशी घरातली भूकही वाढली. रेडिओ आला, इस्त्री आली, मग पंखा, मिक्सर, दूरदर्शन संच, फ्रिज आणि कूलर. प्रत्येक वस्तूबरोबर तिच्यापुरता एक जोड दिला गेला. संपूर्ण घराचा हिशेब पुन्हा मांडण्याची गरज कुणालाच वाटली नाही. साडेसातशे वॅटची इस्त्री सव्वातीन अँपिअर घेते आणि दोन हजार वॅटचा गीझर पावणेनऊ. पाच दिव्यांसाठी घातलेल्या तारेवर हा भार पडला की फ्यूज जाई. मग वैतागून फ्यूजमध्ये जाड तार भरली जाई. वस्तुतः फ्यूज हा साखळीतला मुद्दाम दुबळा ठेवलेला दुवा असतो. तो बळकट केला की दुबळेपणा तारेकडे सरकतो आणि ही तार सागाच्या पट्टीवर, लाकडी छताखालून गेलेली असते. आमच्या घरातील पाटीमागे एके ठिकाणी पट्टी कोळशासारखी काळी पडलेली होती. हे कधी घडले, घरातल्या कुणालाही आठवत नव्हते.

दुसरा थर पिनांचा. आपल्याकडील गोल पिनांचे प्लग ब्रिटिश मानकातून आले. ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचे नवे मानक स्वीकारले. आपण गोल पिनाच ठेवल्या. त्यांतील वरची तिसरी पिन जाड व लांब असते. प्लग घालताना ती सर्वांत आधी टेकते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. उपकरणाच्या धातूच्या अंगात वीज उतरली, तर तिला जमिनीची वाट आधीपासून मोकळी असावी, हा त्या लांबीचा अर्थ. आपण या अर्थाचे काय केले? दोन पिनांचे प्लग वापरले आणि प्लगच नसेल तेव्हा उघड्या तारा सॉकेटमध्ये घालून त्या काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट केल्या. ज्या घरांत तीन छिद्रांचे सॉकेट होते, तेथेही अनेकदा तिसऱ्या छिद्रामागे काहीच जोडलेले नसे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र घर सुरक्षित दिसे.

येथे आमच्यापैकी दुसऱ्याचा जळगावचा अनुभव सांगणे प्राप्त आहे. भाड्याचे घर, मे महिना आणि खिडकीशी पत्र्याचा कूलर. संध्याकाळी त्यात पाणी भरताना खाली सांडले होते आणि पाय अनवाणी होते. पत्र्याला हात लागताच झटका बसला आणि आमचे सहकारी मागे भिंतीवर आदळले. हात चिकटून राहिला नाही, म्हणून ते आज आमच्याबरोबर हा मजकूर लिहीत आहेत. प्लग तीन पिनांचा होता. सॉकेटचे तिसरे छिद्र पोकळ होते. आम्हांला सर्वांत अधिक बोचले ते हे, की फ्यूज शाबूत होता आणि कूलर चालूच होता. कूलरमुळे होणाऱ्या मृत्यूच्या बातम्या खानदेशातील प्रत्येक उन्हाळ्यात आपण वाचतो आणि पान उलटतो. त्या दिवसानंतर आम्हांला तसे पान उलटता आले नाही.

फ्यूज का गेला नाही, याचे उत्तर साध्या भागाकारात आहे. शरीरातून सुमारे ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही क्षण गेला तरी प्राणाशी गाठ पडू शकते. पाच अँपिअरचा फ्यूज म्हणजे ५००० मिलिअँपिअर, या मर्यादेच्या दीडशे पटींहून अधिक. अर्थात फ्यूज किंवा आजची एमसीबी ही तारेचे रक्षण करते. माणसाच्या रक्षणाची योजना वेगळी करावी लागते. कॅलिफोर्नियातील चार्ल्स डालझील यांनी मानवी शरीरावरील विजेच्या परिणामांचा दीर्घ अभ्यास केला आणि १९६१ मध्ये असे रक्षक उपकरण सिद्ध केले. आपल्या बाजारात ते आरसीसीबी या नावाने मिळते. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ते क्षणार्धात वीज तोडते.

खानदेशच्या उन्हाचाही या हिशेबात वाटा आहे. तारांची प्रवाहक्षमता सामान्यतः भोवतालचे तापमान ४० अंश धरून दिलेली असते आणि नेहमीच्या पीव्हीसी वेष्टणाला ७० अंशांपर्यंतच तापू द्यायचे असते. हवाच ४५ अंशांवर गेली की त्या तारेची क्षमता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. धाब्याखाली ५० अंश झाले तर अठरा टक्क्यांनी. म्हणजे कूलर अखंड चालतो त्याच महिन्यात तार सर्वांत दुबळी असते. अर्थिंगचेही तसेच. तिच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात तो ओल टिकवण्यासाठी. काळी माती मे महिन्यात भेगाळली की जमिनीकडे जाणारी वाट अडते. म्हणून त्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालावे लागते. तुळशीला पाणी घालताना एक तांब्या तिकडेही, असा नेम आम्ही आता ठेवला आहे.

मग घराचे काम आपण आपल्या हातांनी करावे काय? हा प्रश्न आम्ही नियमांच्या पुस्तकाला विचारला. १९१० च्या कायद्याखाली १९५६ मध्ये झालेल्या भारतीय वीज नियमांतील ४५ वा नियम या बाबतीत स्पष्ट आहे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे बदलण्यास मुभा आहे. मात्र त्यामुळे मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. त्यापलीकडचे प्रत्येक काम, जोड किंवा फेरफार परवानाधारक ठेकेदाराकडून आणि पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे. २००३ च्या नव्या कायद्यानंतरच्या २०१० आणि २०२३ च्या विनियमांतही हे तत्त्व कायम आहे. आमच्या घरातील प्रत्येक जोड या रेषेपलीकडचा होता आणि तो कुणीतरी रविवारच्या मोकळ्या वेळात केलेला होता.

परंतु हा नियम वाचून घरमालकाने हात झटकावेत असेही नाही. तार ओढणे त्याचे काम नसेल. आखणी मात्र त्याचीच. सकाळी गीझर आणि पंप एकाच वेळी चालतात का, कूलर कोणत्या खिडकीत बसतो, आजी रात्री कोणत्या वाटेने उठून जाते, हे वायरमनला कोण सांगणार? आमच्या वायरमनभाऊंनी पहिल्याच दिवशी विचारले, “सर, कागद कुठे आहे?” आम्ही बोटाने भिंती दाखवू लागलो, तेव्हा ते हसले. “भिंती मला दिसतात. तुम्हांला काय पाहिजे ते लिहून द्या.” आयुष्यभर विद्यार्थ्यांना आधी टाचण काढा म्हणून सांगणाऱ्यांना हे ऐकावे लागले.

तेव्हा आम्ही टाचण काढले. घराचा नकाशा, प्रत्येक खोलीतील उपकरणे, त्यांचे वॅट आणि वापराच्या वेळा. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहाहून अधिक पॉइंट किंवा ८०० वॅटहून अधिक भार नको. सोळा अँपिअरचे सॉकेट एका सर्किटवर दोनाहून अधिक नकोत, हे भारतीय मानकांतील संकेत भाऊंनीच सांगितले. दिव्यांना दीडची तार, सॉकेटना अडीचची, गीझर आणि वातानुकूलन यंत्राला चारची व स्वतंत्र. स्विच नेहमी फेजवर. न्यूट्रलवर एकेरी स्विच किंवा फ्यूज कधीही नाही. प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी तार आणि मुख्य पेटीत आरसीसीबी. कूलरची जागा आधी ठरली आणि मग तिच्याजवळ, पण पाणी उडणार नाही अशा उंचीवर, सॉकेट आले. कोनाडा ठेवणाऱ्या गवंड्याने असाच विचार केला असावा.

काम संपल्यावर चाचणी झाली, ठेकेदाराने टेस्ट रिपोर्ट दिला. तो आणि आमचा नकाशा, भाऊंच्या दुरुस्त्यांसह, मीटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला आहे. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटन दर महिन्याला दाबून पाहायचे, ही जबाबदारी घरातील दहावीच्या मुलीकडे दिली आहे. नकाशावर उजवीकडे पुढच्या नोंदींसाठी जागा मोकळी सोडली आहे. त्या घरात पुढे जे कुणी राहतील आणि नवे काही जोडू पाहतील, त्यांना आमच्यासारखी भिंत वाचत बसावी लागू नये, एवढीच इच्छा.