तीन दिवसांची उकळी

अळंबीचं बियाणं घरी करू पाहणाऱ्या बचत गटांतल्या बायका आम्हाला विचारतात, गव्हाचे दाणे तासभर उकळून बाटलीत भरले, तरी ते चिकट होऊन आंबूस वास का मारतात? जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये जॉन टिंडल हे शास्त्रज्ञ अशाच कोड्यात अडकले होते.

जंतूंना खाद्य म्हणून ते गवताचा काढा करत. थोडा वेळ उकळून स्वच्छ हवेत ठेवला की तो नितळ राही. १८७६ साली प्रयोगशाळेत जुनं वाळकं गवत आलं आणि सगळं बिनसलं. तासन्‌तास उकळूनही काढे गढूळ होऊ लागले. त्याच वर्षी जर्मनीत फर्डिनांड कोन यांनी दाखवलं, की गवतातले जंतू बीजाणू करतात, आणि ते उकळीला दाद देत नाहीत.

आपली मटकी आठवा. कोरडी असताना दगडासारखी, मोड आले की नखानेही तुटते. टिंडल यांनी १८७७ मध्ये हेच हेरलं. काढा थोडा वेळ उकळायचा, मग उबदार जागी ठेवून बीजाणूंना उगवू द्यायचं, आणि त्यांचे नवे बीजाणू होण्याआधी पुन्हा उकळायचं. पुढे प्रयोगशाळांत तीन दिवस, रोज अर्धा तास, असा रिवाज पडला. नुसत्या पाण्यात मात्र ही युक्ती फसते, कारण खाद्याशिवाय बीजाणू उगवतच नाहीत.

१८७९ मध्ये पॅरिसला पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी दाबाच्या वाफेचं भांडं, म्हणजे ऑटोक्लेव्ह, केलं. तिथे १२१ अंशांवर पंधरा मिनिटांत काम होतं. दुधासारखं खाद्य जास्त उष्णतेने करपतं, तिथे टिंडल यांचीच रीत उपयोगी पडते. आम्हाला तीच जास्त आवडते; तिच्यात शत्रूची दिनचर्या ओळखलेली आहे.

तुमच्या दाण्यांसाठी मात्र कुकरच बरा. लहान प्रयोगशाळाही तो वापरतात. बाटलीला कापसाचा बोळा लावा, बाटल्या जाळीवर ठेवा. वाफेची धार जोरात येऊन आतली हवा निघून गेली, की मगच शिटी बसवा. हवा अडकली तर दाब दिसतो, पण उष्णता कमी पडते. दाण्यांच्या पोटापर्यंत ऊब पोचायला दीड-दोन तास लागतात, तेव्हा तळाशी पाणी भरपूर घ्या.