रानडुक्कर, रात्र आणि उजेड

हार्बर मार्गावर मानसरोवर आणि पनवेल यांच्या मधले खांदेश्वर स्थानक रात्रभर लख्ख उजळलेले असते. तेथून काही किलोमीटरवर, प्रबळगडाच्या पायथ्याच्या किंवा कर्नाळ्याच्या जंगलाला लागून असलेल्या शेतांवर मात्र दसरा-दिवाळीच्या सुमाराच्या रात्री निराळ्या असतात. भात कापणीला आलेले असते आणि रानडुकरांचा कळप शेतात उतरला की जितके खातो त्याहून अधिक तुडवतो. म्हणून शेतकरी माळ्यावर बसून जागल करतो. पत्र्याचा डबा, गोफण, फटाके आणि हातात एक बॅटरी एवढी त्याची सामग्री असते.

पनवेल, कर्जत, खालापूर या पट्ट्यात जमीन घेतलेल्या शहरी मालकावरही आता राखणीची पाळी येते. गोफण त्याच्या हातची नव्हे. तो बाजारातून लांब झोताची बॅटरी मागवतो. हिरव्या-तांबड्या काचेचे दिवे, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांवर चालणाऱ्या दुर्बिणी, शरीराची उष्णता टिपणारे कॅमेरे असे बरेच काही या बाजारात मिळते. यातील पुष्कळसे तंत्र डुकरांच्या रात्रीच्या शिकारीसाठी अमेरिकेत वाढले. टेक्सासमधील मोकाट डुकरे मूळची तेथील नव्हेत. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या पाळीव डुकरांची आणि पुढे शिकारीसाठी सोडलेल्या युरोपीय रानडुकरांची ती प्रजा आहे. तेथे त्यांना उपद्रवी मानतात, त्यांची रात्री शिकार करण्यास मुभा आहे आणि १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने ती करण्यासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही. आपल्याकडचे रानडुक्कर त्याच जातीचे असले तरी ते या भूमीचे मूळ रहिवासी आहे आणि त्याला कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे दिवा तोच असला तरी त्याचा उपयोग तोच राहत नाही.

डुकराचा डोळा

बिबट्या, कुत्रा, गाय, हरीण यांच्या डोळ्यांवर अंधारात झोत पडला की डोळे चमकतात. दृष्टिपटलामागे असलेला परावर्तक थर हे त्याचे कारण. डोळ्यात शिरलेला प्रकाश तो पुन्हा मागे फेकतो आणि मंद उजेडात प्राण्याला अधिक दिसते. डुकराच्या डोळ्यात हा थर नसतो. त्यामुळे शंभर मीटरवरचे हरीण ज्या बॅटरीने चटकन सापडते, तिच्याच झोतात रानडुक्कर ढेकळासारखे, करवंदीच्या जाळीसारखे किंवा वाकून चाललेल्या माणसासारखे भासू शकते. रात्रीच्या उजेडाविषयी लक्षात ठेवण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि विक्रेते नेमकी तीच सांगत नाहीत.

रंगांच्या बाबतीत माणसाच्या दृष्टिपटलात तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात, डुकराच्या दोनच. त्यातील एक साधारण ४३९ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला, तर दुसरी ५५६ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. तांबड्या एलईडीचा प्रकाश ६२० नॅनोमीटरच्या पुढे असतो. तो डुकराला अगदीच दिसत नाही असे नाही, पण फार मंद दिसतो. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा अंश भरपूर असतो आणि तो डुकराच्या डोळ्याला थेट जाणवतो. हिरवा दिवाही त्याला चांगलाच दिसतो. तरीही शिकारी हिरवा दिवा पसंत करतात, कारण माणसाचा डोळा हिरव्या रंगाला सर्वाधिक संवेदनशील असतो आणि कमी उजेडात अधिक तपशील दिसतो.

तांबड्या उजेडाचा आणखी एक गुण राखणदारासाठी मोलाचा आहे. अंधाराला सरावायला माणसाच्या डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. पांढऱ्या झोताने ती कमाई क्षणात जाते, मंद तांबड्याने बरीचशी टिकते. माळ्यावरून उतरताना, पायाखालचा साप पाहताना किंवा घड्याळ बघताना तांबडी बॅटरी सोयीची. मात्र तिच्या उजेडात रंगांचा फरक मिटतो आणि सारे काळपट-तांबडे दिसते. समोरचे नक्की काय आहे हे ओळखण्याच्या कामी ती सर्वांत कच्ची.

एवढे झाले तरी डुक्कर डोळ्यांवर फारसे विसंबत नाही. नाक आणि कान हे त्याचे खरे पहारेकरी. वारा राखणदाराकडून कळपाकडे वाहत असेल, तर दिवा कोणत्याही रंगाचा असो, कळपाला त्याची वर्दी आधीच मिळालेली असते.

चुडीपासून एलईडीपर्यंत

कोकणात रात्री रानातून जाताना माडाच्या झावळांची चूड पेटवून नेण्याची पद्धत होती. त्यानंतर कंदील आला, कार्बाइडचा दिवा आला, गॅसबत्ती आली. या सर्वांचा उजेड चहूकडे पसरतो. धरणाऱ्याचा चेहरा उजळतो आणि पलीकडचा अंधार अधिकच दाट होतो. सेलवर चालणाऱ्या बॅटरीने उजेडाला प्रथम दिशा दिली. जिम कॉर्बेट यांनी १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो रायफलीला जोडलेल्या विजेच्या दिव्याच्या साहाय्याने. पुढे जीपवर बसवलेला सर्चलाइट आला आणि झोताने दिपलेल्या प्राण्याला गाडीतूनच मारण्याचा प्रकार बोकाळला. शिकारीच्या जुन्या मंडळींतही या प्रकाराला मान नव्हता.

आजच्या बॅटऱ्यांच्या खोक्यावर ‘लुमेन’ हा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. बॅटरीतून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, एवढेच तो सांगतो. झोत किती दूर जाईल हे ‘कँडेला’ या मापावर ठरते. अंतर दुप्पट झाले की वस्तूवर पडणारा उजेड चौथाईवर येतो, हा नियम येथे लागू आहे. १०,००० कँडेलाची बॅटरी घेतल्यास ५० मीटरवर ४ लक्स, १०० मीटरवर १ लक्स आणि २०० मीटरवर पाव लक्स उजेड पडतो. खोक्यावर लिहिलेली ‘झोताची लांबी’ सामान्यतः हेच पाव लक्सचे अंतर असते आणि पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचे चांदणे. चांदण्यात दोनशे मीटरवरचा काळा प्राणी कितपत ओळखता येतो, याचा अंदाज वाचकांनीच करावा. छापील अंतराच्या चौथ्या हिश्शापर्यंतच झोतावर भरवसा ठेवणे शहाणपणाचे. पावसाळी हवेत आणि धुक्यात तोही राहत नाही, कारण झोत पाण्याच्या कणांवरून उलटून डोळ्यांवरच येतो.

न दिसणारा उजेड

अवरक्त अर्थात इन्फ्रारेड दिव्यांचे दोन प्रकार सर्रास मिळतात. ८५० नॅनोमीटरचा दिवा दूरवर पोहोचतो, पण जवळून पाहिल्यास त्याची तांबूस चमक दिसते. ९४० नॅनोमीटरचा जवळपास पूर्ण अदृश्य, मात्र त्याची पोच कमी. हा उजेड पाहण्यासाठी अर्थातच तो टिपणारा कॅमेरा किंवा रात्रदर्शी दुर्बीण हवी. जंगलात प्राण्यांच्या नोंदीसाठी लावले जाणारे स्वयंचलित कॅमेरे याच तत्त्वावर चालतात. कळप कोणत्या वाटेने आणि किती वाजता शेतात उतरतो हे समजण्यासाठी बांधावर असा एक कॅमेरा लावणे, दहा रात्री जागण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरू शकते.

थर्मल कॅमेऱ्याला मात्र कोणताही दिवा लागत नाही. शरीरातून बाहेर पडणारे ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीचे उष्णतेचे तरंग तो टिपतो. ज्या डुकराचे डोळे झोतात चमकत नाहीत, ते येथे पांढऱ्या ठिपक्यासारखे उठून दिसते. परंतु येथेही फसगत आहेच. दिवसभर तापलेला कातळ पहिल्या प्रहरात प्राण्याइतकाच उजळ दिसतो, दाट पानांआडचे काही दिसत नाही आणि खिडकीच्या काचेतून तर हा कॅमेरा पाहूच शकत नाही. शिवाय ‘काहीतरी आहे’ हे कळणे आणि ‘ते काय आहे’ हे कळणे या भिन्न गोष्टी आहेत. जॉन जॉन्सन या अमेरिकी संशोधकाने १९५८ मध्ये घालून दिलेल्या आणि आजही वापरल्या जाणाऱ्या निकषांनुसार, वस्तूचे अस्तित्व जाणवायला जेवढा तपशील लागतो, त्याच्या सुमारे चौपट ती कोणत्या प्रकारची हे समजायला आणि सहापटीहून अधिक ती नेमकी ओळखायला लागतो. म्हणजे तीनशे मीटरवर दिसणारा उबदार ठिपका डुकराचा, वासराचा की शेजारच्या बांधावर बसलेल्या माणसाचा, हे कॅमेऱ्यालाही तेथून सांगता येत नाही.

हा मुद्दा केवळ तांत्रिक नाही. जानेवारी २०२५ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यातील मनोर परिसरात, बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीसाठी गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने डुक्कर समजून गोळी झाडली आणि ती सोबत्याला लागून त्याचा मृत्यू झाला. मृतदेह लपवण्यात आल्याने प्रकार काही दिवसांनी उघडकीस आला व पोलिसांनी अटकसत्र केले. ज्या प्राण्याचा डोळा उजेडाला उत्तर देत नाही, त्याच्या बाबतीत हालचाल किंवा आकार हा पुरावा धरता येत नाही, आणि भाताच्या दिवसांत शेजारच्या प्रत्येक माळ्यावर माणूस असतो.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये लागू झाला तेव्हा परवान्याने शिकारीला वाव होता. त्या वेळच्या १७ व्या कलमात मात्र कृत्रिम उजेडाच्या साहाय्याने आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत शिकार करण्यास मनाई होती. भक्ष्यावर येणाऱ्या मांसाहारी प्राण्यापुरता, खास परवाना असल्यास, अपवाद ठेवला होता. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच बंद झाली, तेव्हा हे कलमही गळाले. आता उरले आहे ते ९ व्या कलमातील सरसकट मनाई आणि ११ व्या कलमातील मोजके अपवाद.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरल्यास मुख्य वन्यजीव रक्षक अथवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. पीक नासवणाऱ्या रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे अधिकार खालच्या पातळीवर दिले, जेणेकरून शेतकऱ्याला नागपूर गाठावे लागू नये. केरळने २०२२ मध्ये असे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिले. आदेशाविना केलेली शिकार मात्र तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींना पात्र आहे. मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो, तर बंदूक, वाहन आणि अर्थातच ती महागडी बॅटरीही जप्त होऊ शकते. शिकारीच्या व्याख्येत मारण्याचा प्रयत्न, आमिष दाखवणे आणि मारण्यासाठी हाकून नेणे हेही येते. शेतातून डबा वाजवून पिटाळणे त्यात बसत नाही. पीकसंरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना हा शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, प्राणी मारण्याचा नव्हे; कोकणात या दोहोंची गल्लत नेहमी होते.

उजेडाऐवजी गावठी बॉम्ब किंवा वीजवाहिनीवर आकडा टाकून सोडलेली तार वापरणे हा त्याहून गंभीर गुन्हा आहे. तारेने डुकराइतकीच माणसे आणि गुरे मरतात. मे २०२० मध्ये केरळच्या पलक्कड जिल्ह्यात गाभण हत्तीण दगावली ती स्फोटके भरलेले फळ तोंडात फुटल्याने, आणि असे सापळे त्या भागात रानडुकरांसाठीच लावले जात.

राखणीपुरता उजेड

पिटाळण्यासाठी उजेड वापरायचा तर वर सांगितलेले गणित उलटे होते. डुकराला दिसावा असाच दिवा हवा, म्हणजे पांढरा किंवा निळसर. एका जागी सतत जळणाऱ्या दिव्याला कळप काही रात्रींत सरावतो. हालचाल होताच पेटणारा, जागा बदलता येणारा आणि आवाजाची जोड असलेला दिवा त्याहून अधिक दिवस काम देतो, तरी हंगामभर नव्हे. बांधावर रात्रभर प्रखर हॅलोजन लावून ठेवणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. भातावरील खोडकिड्याचे पतंग उजेडाकडे झेपावतात. प्रकाश सापळे त्याच तत्त्वावर बनवतात. शेताच्या कडेचा दिवा डुकराला दूर ठेवताना किडीला आमंत्रण देऊ शकतो. दीर्घकाळासाठी सौर कुंपण सरस. त्यात विजेचे अल्पकाळाचे झटके सोडलेले असतात, ते जीव घेत नाहीत. मात्र तारांखालचे गवत सतत काढावे लागते, नाहीतर झटका जमिनीत उतरतो.

एवढे करूनही कळप येऊन गेलाच, तर बॅटरीचे एक काम उरते. नुकसानभरपाईसाठी वनविभागाचा पंचनामा लागतो आणि ऊन चढले की चिखलातील खुणा पुसट होतात. पहाटे बॅटरी जमिनीलगत आडवी धरून तिरपा झोत टाकावा. वरून पाहताना न दिसणारे ठसे सावलीमुळे उठून दिसतात. मऊ चिखलात रानडुकराच्या दोन खुरांमागे दोन लहान उपखुरांच्या खुणाही उमटतात. शेजारी मोजपट्टी किंवा काडेपेटी ठेवून त्याच उजेडात छायाचित्र घ्यावे, उकरलेली जमीन आणि आडवे झालेले भात वेगळे टिपावे, आणि वनरक्षक येईपर्यंत त्या खाचरात पाय ठेवू नये.